सोरठच्या वाटा आणि राष्ट्रीय शायर

(लोकसाहित्य आणि नवे लेखन या विषयावरील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लेखकाला विषय कोठे सापडतो, या प्रश्नाचे एक उत्तर १९२२ नंतरच्या काठेवाडात मिळते. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयाचा एक पदवीधर तरुण कलकत्त्यात ॲल्युमिनियमच्या कारखान्यात नोकरीला होता. कामानिमित्त तो विलायतही पाहून आला होता. हे सारे सोडून तो मायभूमीत परतला आणि राणपूरच्या 'सौराष्ट्र' साप्ताहिकात दाखल झाला. लेखनिकीतून उरलेला वेळ तो गावोगाव हिंडण्यात घालवू लागला. कधी घोड्यावर, कधी उंटावर, पुष्कळदा पायी. या तरुणाचे नाव झवेरचंद मेघाणी.

मेघाणींचा जन्म १८९६ साली चोटिल्याला झाला. वडील इंग्रजांच्या एजन्सीतील पोलीस खात्यात नोकरीला. डोंगराआडच्या ठाण्यांवर त्यांच्या बदल्या होत, आणि त्यामुळे मुलाचे बालपण नदी, डोंगर आणि चारणांचे दोहे यांच्या सहवासात गेले. ज्या खात्याचे काम बंडखोरांचा पाठलाग करणे, त्याच खात्यातील शिपायाच्या मुलाने पुढे त्या बंडखोरांच्या कथा 'सोरठी बहारवटिया' या नावाने तीन भागांत लिहिल्या. इतिहास कधीकधी असा न्याय करतो.

काठेवाडच्या कथा त्यांच्याआधी कोणी गोळा केल्या नव्हत्या असे नाही. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्ज यांची 'रासमाळा' १८५६ साली निघाली. या कामी कवी दलपतराम त्यांच्यासोबत होते, आणि त्या ग्रंथाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पुढे किंकेड या सनदी अधिकाऱ्याने १९०५ साली काठेवाडच्या बंडखोरांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. परंतु राज्यकर्त्याच्या नजरेला बहारवटिया दिसतो तो मुख्यतः गुन्हेगार म्हणून, फार तर एक रंजक नमुना म्हणून. ज्या गावाने त्याला भाकरी दिली, त्याच्यासाठी रडले आणि त्याच्यावर गाणी रचली, त्या गावाच्या मनात तो कोण होता, हे ओसरीवर बसल्याखेरीज कळत नाही. मेकॉलेप्रणीत शिक्षणाने सुशिक्षितांना ओसरीपासून दूर नेले होते. मेघाणी ते अंतर पायांनी कापत गेले.

त्यांचे गुरू कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. हडाळ्याचे दरबार वाजसुर वाळा यांच्या डायऱ्यात त्यांना लोककथेची गोडी लागली. डायरा म्हणजे कसुंबा घोटला जात असताना रंगणारी मंडळींची बैठक. चारण तेथे कथा सांगे आणि ऐन मोक्याच्या जागी दोहा टाके. स्त्रियांची गीते मिळवणे मात्र अवघड होते. परक्या पुरुषासमोर गळा मोकळा करायला कोण धजणार? पोरबंदरजवळच्या बखरला गावच्या मेर समाजातील ढेलीआईंसारख्या माउलींनी हा संकोच बाजूला ठेवला, म्हणून 'रढियाळी रात'चे भाग उभे राहिले. शिकलेल्या माणसाने निरक्षर स्त्रीपुढे वही उघडून शिष्यासारखे बसावे, यात केवळ संशोधनाची पद्धत नव्हती, संस्कारही होता. 'परकम्मा' या पुस्तकात त्यांनी आपल्या टिपणवह्यांची आणि या सांगणाऱ्यांची हकिगत स्वतःच नोंदवली आहे. घेतलेल्या शब्दाचा धनी कोण, हे लपवायचे नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले. लोकगीतावर आपले नाव घालून मोकळे होणाऱ्यांनी ही वही एकदा चाळावी.

१९२३ ते १९२७ या काळात 'सौराष्ट्रनी रसधार'चे पाच भाग प्रकाशित झाले. काटेकोर अभ्यासक विचारतील, की या कथा जशा ऐकल्या तशाच उतरवल्या आहेत काय? तशा त्या नाहीत. मौखिक दोहे त्यांत आहेत, पण गद्याची घडण मेघाणींची आहे. ते शास्त्रज्ञ होते त्याहून अधिक कवी होते, आणि ही गोष्ट मान्य केल्याने त्यांचा मोठेपणा उणा होत नाही.

या कथांत गायींसाठी, शरण आलेल्यासाठी, दिलेल्या शब्दासाठी प्राण ठेवणारी माणसे आहेत. सौराष्ट्रातील गावांच्या शिवेवर त्यांचे पाळिये उभे आहेत. घोडेस्वार, वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. महाराष्ट्रातील माणसाला ते पाहताच आपल्या गावचा वीरगळ आठवेल. बहारवटियांत जोगीदास खुमाण आहे. भावनगरच्या ठाकोरांशी उभे वैर असताना त्यांच्या घरच्या मृत्यूचा शोक करायला तो वेष पालटून गेला, असे लोक सांगतात. त्याच रांगेत इंग्रजांशी झुंजलेला ओखामंडळचा मुळू माणेक आहे, आणि १८८७ साली फाशी गेलेला कादू मकराणीही आहे. लोकांनी ज्याला शूर म्हटले त्याला मेघाणींनी पंथ विचारला नाही.

भटकंतीतून कविता कशी जन्मते, याचा एक प्रसंग गुजरातेत घरोघरी ठाऊक आहे. १९२८ साली तुळशीश्यामच्या परिसरात, गीरच्या जंगलातील एका नेसात मेघाणींचा मुक्काम होता. कवी दुला भाया काग सोबत होते. वासरावर आलेल्या सिंहामागे चौदा वर्षांची चारणकन्या हिरबाई केवळ काठी घेऊन धावली आणि तिने त्याला पिटाळले. हे डोळ्यांनी पाहिलेल्या कवीच्या मुखातून तेथेच 'चारण-कन्या' हे काव्य उमटले. प्रसंग तर कोणाहीसमोर घडला असता. पण शब्द लगोलग धावून आले, कारण सहा वर्षे चारणांची लय कानात मुरत होती.

त्या लयीचे खरे मोल १९३० साली दिसले. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत मेघाणींनी स्वातंत्र्यगीतांची छोटी पुस्तिका काढली, तिचे नाव 'सिंधुडो'. रणात उतरणाऱ्यांना चेतवण्यासाठी चारण जो वीररसाचा राग गात, त्याचे हे नाव. सरकारने पुस्तिका जप्त केली. कवीला दोन वर्षांची शिक्षा झाली. धंधुक्याच्या न्यायालयात त्यांनी आपले गीत गायले, तेव्हा न्यायाधीशाचेही डोळे पाणावले, असे सांगितले जाते. गांधीजींनी त्यांना 'राष्ट्रीय शायर' म्हटले. आठ वर्षे पाळियांपुढे थांबलेल्या माणसाला देशाच्या रणवेळी वेगळी भाषा शोधावी लागली नाही.

मुंबईशीही त्यांचे नाते होते. 'जन्मभूमी' दैनिकात त्यांनी स्तंभ चालवला, आणि मुंबई विद्यापीठात लोकसाहित्यावर दिलेली व्याख्याने १९४६ साली ग्रंथरूपाने आली. महाराष्ट्रातही साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'साठी ओव्या वेचल्या, ना. धों. महानोरांनी पळसखेडची गाणी जमवली. वाट अनोळखी नाही, तिच्यावर चालणारे मात्र विरळ आहेत. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर चारणांचा आश्रय गेला. जाते थांबल्यावर आपल्याकडच्या ओवीचे तेच झाले. जिच्या कंठात दोनशे ओव्या आहेत, त्या आजीकडे उद्या जाऊ म्हणणाऱ्याला ती उद्या भेटेलच असे नाही.

मेघाणी ९ मार्च १९४७ रोजी बोटादला निवर्तले. स्वातंत्र्य पाच महिन्यांवर होते. शूरांच्या कथांपासून निघालेला हा प्रवासी अखेरीस भजनांकडे वळला होता. 'सोरठी संतवाणी' हे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर निघाले. ज्या भजनपरंपरेचा वेध त्यांनी अखेरच्या दिवसांत घेतला, तीत राजपूत घरातील गंगासती आहे आणि घोघावदरचा मेघवाळ संत दासी जीवणही आहे. दोघांची भजने तिकडच्या गावांत आजही रात्री एकाच तंबुऱ्यावर गायली जातात.