पहिले तीन दिवस
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)

दिवाळी तोंडावर आली. आपल्या सातारा भागात पोराची सुट्टी मंजूर झाल्याचा फोन आला, की घरात आधी काय होतं? कामांची यादी होते. तो येतोय तर बांधाची मोजणी उरकून घेऊ, धाकटीसाठी आलेलं स्थळ त्याच्या नजरेखालून घालू, बँकेतली सही घेऊ, चुलत्याला एकदाचा समोरासमोर बसवू. पोरगा अजून ट्रान्झिट कॅम्पात नंबर लावून बसलेला असतो, आणि इकडे घरच्यांनी त्याची सुट्टी वाटून खाल्लेलीसुद्धा असते!

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. तो घरी आल्यावर पहिले तीन दिवस त्याला कामाचं काही विचारू नका, कुणाची तक्रार सांगू नका, कामासाठी कुठं नेऊ नका. पहिले तीन दिवस. माझं बाकीचं बोलणं विसरलात तरी चालेल.

माझे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फौजेतली दिवाळी मी क्वार्टरमधूनही पाहिली आणि गावच्या ओसरीवरूनही, म्हणून जरा हक्कानं बोलते.

कायम सेवेतल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल असते. ऐकायला भरपूर वाटते. पण सगळी पलटण एकदम घरी सोडता येत नाही. त्यात मराठा पलटणीत बहुतेकांना गणपती नाहीतर दिवाळीच हवी. मग पाळ्या लागतात. तुमचा मुलगा लक्ष्मीपूजनाला घरी आहे म्हणजे त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा पहाऱ्यावर उभा आहे. हे तो तुम्हाला बोलून दाखवणार नाही, पण पहिल्या घासाला त्याच्या मनात ते असतं.

आता हे बघा. फौज माणसाला उंचावर नेते तेव्हा एकदम नेत नाही. ९ हजार ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस थांबवते, त्यातले पहिले दोन तर जवळजवळ नुसत्या विश्रांतीचे. त्याच्या वर १५ हजारांपर्यंत आणखी चार दिवस, त्याहून वर जायचं तर पुन्हा चार. शरीराला हवा मानवायला वेळ लागतो, हे फौजेला पक्कं ठाऊक आहे. आणि आपण? तो तिथून उतरणार, जम्मूहून झेलम एक्स्प्रेस पकडली तर दोन रात्री गाडीत काढणार, पुण्याहून एसटीनं गावात येणार, आणि बॅग खाली ठेवायच्या आत आपण त्याच्या हातात सातबारा देणार. चढताना सहा दिवस, मग उतरल्यावर तीन तरी द्याल की नाही?

घरोघरी अनारशांचे तांदूळ भिजत पडले असतील. तीन दिवस भिजवतो ना आपण? रोज पाणी बदलतो. कुणी सूनबाई म्हणाली, की वेळ नाही, एका दिवसात उरकते, तर सासूबाई तिला चांगल्याच रागावतील. का? तर पीठ नीट मुरलं नाही आणि अनारसा तुपात सोडला, की तो हसतो. सगळा कढईभर पसरतो, मग झारा घेऊन कितीही गोळा करा. सुट्टीवर आलेल्या माणसाचंही तसंच. त्याला आधी घरात भिजू द्या. पाणी बदलायचं म्हणजे रोज थोडं वेगळं काही: एक दिवस नुसती झोप, दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर किल्ला, तिसऱ्या दिवशी मळ्यात एक चक्कर. मग गूळ घाला. गूळ म्हणजे... जाऊ दे, आता गुळाचं प्रमाण सांगत बसले तर माझी मिनिटं तिथंच संपतील.

आमच्या शेजारचा मुलगा वसुबारसेला आला. रात्री दोनच्या सुमाराला उठून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. बायकोला वाटलं, आपलं काही चुकलं, रागावलाय. अहो, रागावला कसला? तिकडे त्या वेळी त्याची ड्यूटी असायची, अंग आपोआप जागं व्हायचं. तीन वर्षांची लेक आजीच्या पदराआडून त्याला ‘काका’ म्हणाली. सगळे हसले. तोही हसला, पण मग बराच वेळ ट्रंकेतलं सामान उगीच लावत बसला. अशा वेळी पोरीला त्याच्या मांडीवर ढकलू नये. आपण होऊन येते ती.

आता फौजी भावांनो, तुम्हीही ऐका. हे तीन दिवस तुम्हालाही लागू आहेत. वर्षभर तुमच्या बायकोनं एकटीनं शाळा, दवाखाना, सोसायटीचे हप्ते, म्हाताऱ्यांची औषधं असं सगळं चालवलेलं असतं. आल्या आल्या इन्स्पेक्शन सुरू करू नका. गॅसची टाकी इथं का, पोरगा इतक्या उशिरा का झोपतो, खात्यात एवढेच का उरले! तिचंही एक तंत्र बसलेलं आहे. तीन दिवस तुम्ही फक्त पाहा आणि ती करते तसं करू द्या. चौथ्या दिवशी काय ते बोला, आणि तेही पोरांसमोर नको.

तिसरा दिवस उलटून चार-सहा दिवस झाले, तरी झोप नाही, जेवण नाही, एकटं एकटं बसणं चालूच असेल, तर मात्र थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याचा वेगळा कक्षही सुरू झाला. यात लाज कसली? गुडघा दुखला तर एमआय रूममध्ये, फौजेच्या दवाखान्यात, जातोच की आपण.

राहिले ते, ज्यांचा माणूस या दिवाळीला येणारच नाही. त्यांच्यासाठी खरं तर वेगळं भाषण हवं. फराळ पाठवणार असाल तर पत्र्याच्या डब्यात भरा, कडेनं चिकटपट्टी लावा. पत्त्यावर लेह, कुपवाडा असं ठिकाण लिहायचं नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजेचं टपालघर) जे असेल ते, आणि खाली ९ नं सुरू होणारा पिनकोड. आत एक चिठ्ठी घाला. फोन रोज होत असला तरी घाला. म्हशीला रेडकू झालं असेल तर ते लिहा, ऊस कुठल्या कारखान्याला चाललाय ते लिहा. भांडणाचं लिहायचं की नाही, याबद्दल माझं मत जरा... पण काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपली.