पदर उलटून पाहताना

(नेदरलँड्समधील मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आत येताना दारातच दोघीतिघींनी मला गाठलं. "तुम्ही पैठणीवर लिहिता ना? मग ही बघा, ऑनलाइन घेतली. साडेपाच हजारांत!" साडी सुंदर होती, नेसणारीला शोभतही होती. मी म्हटलं, छान आहे, आणि ते अगदी खरं होतं. पुढचं वाक्य मात्र मी गिळलं. ते आता बोलते. चहाच्या वेळी तिची परवानगी घेतली आहे.

पण आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते.

आमच्या घरात स्वस्त आणणं हे कर्तृत्व समजलं जायचं. माझी आत्या तुळशीबागेत जायची ती खरेदीला नव्हे, लढाईला. दुकानदाराने शंभर म्हटलं की ही चाळीस म्हणायची, पाठ फिरवून चार पावलं टाकायची, आणि पाचव्या पावलाला मागून "अहो ताई" अशी हाक आली नाही तर दिवस वाया गेला म्हणायची. घरी आल्यावर वस्तू नंतर, आधी किंमत ओळखायची. आम्ही मुलं मुद्दाम जास्त सांगायचो, म्हणजे ती खूश. त्या शाळेत मी शिकले.

बारा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायला येवल्याला गेलो होतो. मोठी दुकानं सोडून मुद्दाम एका विणकराच्या घरी गेलो, कारण तिथे भाव उतरतो असं कुणीतरी सांगितलं होतं. पुढच्या खोलीत खड्डामाग, मागच्या खोलीत संसार. जांभळ्या रंगाची एकधोटी, नारळी काठ, पदरावर मोर. त्यांनी बावीस हजार सांगितले. मी आत्याची भाची. पाऊण तास बोलले, एकदा उठून चपलाही घातल्या. शेवटी साडेअठरावर सौदा पटला. विणकराने मान हलवली, आणि आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "असू द्या, रेशीमवाल्याचं देणं तरी भागेल."

ते वाक्य मी ऐकलं होतं, पण त्या वेळी आनंद मोठा होता.

परतीच्या वाटेवर आमच्या ह्यांनी घोळ घातला. हे बँकेत होते, आकडे दिसले की त्यांना गप्प बसवत नाही. तिथे चहा पिताना ह्यांनी सहज विचारून घेतलं होतं: माल किती लागतो? रेशीम, जर, रंगणावळ मिळून आठ हजार. माग किती दिवस अडकतो? पस्तीस. तर ह्यांनी गाडी चालवता चालवता हिशेब केला. साडेअठरातून आठ गेले, राहिले साडेदहा हजार. भागिले पस्तीस. दिवसाला तीनशे रुपये, तेही दोघांत, कारण कांड्या भरण्यापासून सगळं बायको करत होती. त्या सुमारास आमच्याकडे प्लास्टरला येणारा गवंडी एकटा पाचशे घेत होता, आणि त्याला आम्ही एकदाही "साडेतीनशे घे" म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तो थापी ठेवून निघून गेला असता. विणकर कुठे जाणार? त्याचा माग जमिनीत पुरलेला असतो.

माझी साडेतीन हजारांची कमाई म्हणजे पस्तीस दिवस, रोज शंभर रुपये, त्या दोघांच्या मजुरीतून. आत्याला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्याने दिली कशाला?" हा प्रश्न मला बरीच वर्षं बिनतोड वाटायचा. उत्तर आतल्या खोलीतून आधीच आलं होतं.

आता दारातल्या साडीकडे वळू.

पैठणीचा पदर कसा विणतात, ते थोडक्यात सांगते. आडव्या धाग्याचा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेला की साडीचं अंग होतं, आणि ते तुलनेने भरभर होतं. पदराला तसं चालत नाही. मोराच्या मानेचा हिरवा, पिसाऱ्यातला निळा, मुनियेच्या चोचीचा लाल, अशा प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर उभे धागे मोजून ती कांडी तेवढ्याच जागेत फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे आणतो. नक्षी दाट असेल तर दिवसभरात काही इंचच पदर पुढे सरकतो. साध्या साडीला महिना, भरगच्च कामाला सहा महिने किंवा वर्षही जातं. रंग जिथल्या तिथे परतत असल्यामुळे पदराची उलटी बाजूही सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावर रंगाचा धागा मागच्या अंगाने लोंबत पुढच्या मोरापर्यंत जातो, मग ते लोंबते धागे कापतात किंवा त्यावर जाळी लावतात. म्हणून पदर उलटून बघायचा. एवढंच ते गिळलेलं वाक्य.

साडेपाच हजारांत हातमागाची पैठणी का येणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या ह्यांचा भागाकार पुरतो. माल वजा करा, दिवसांनी भागा.

पण महाग म्हणजे रास्त, असंही समजू नका. आत्याची ती बाजू मला आजही पटते. चकचकीत दुकानात यंत्राची साडी हाताची म्हणून चाळीस हजारांना विकलेली मी पाहिली आहे. गिऱ्हाइकाने एक पैसा कमी केला नव्हता, आणि विणकराला त्यातला एक पैसा गेला नव्हता. विक्रेता सिल्क मार्कची खूण दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. ती खूण सांगते की रेशीम शुद्ध आहे. कापड हातमागावर विणलं की यंत्रावर, याबद्दल ती काही बोलत नाही. त्यासाठी २००६ पासून हँडलूम मार्क वेगळा आहे. टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'ने २००४ पासून पैठणी हे नाव घराघरांत पोचवलं, चांगलंच झालं. पण नाव पोचलं, पारख मागेच राहिली.

आणि यंत्रमागाची साडी घेणं हे काही पाप नाही. तिथेही माणसंच राबतात. साडेपाच हजारांची साडी साडेपाच हजारांची म्हणून, सेमी-पैठणी म्हणून विकली आणि घेतली, तर त्यात कुणाचंच काही गेलं नाही. माझ्या कपाटात तशा तीन आहेत, पावसाळी लग्नांना बऱ्या पडतात.

तुम्ही ज्या देशात राहता तिथे, करणाऱ्याच्या हाती काय पडतं, हा हिशेब एकदा मोठ्या प्रमाणावर मांडला गेला आहे. १९८८ साली इथे मॅक्स हॅवलार नावाची खूण असलेली मेक्सिकोची कॉफी दुकानात आली. नाव घेतलं होतं मुल्तातुलीच्या १८६० च्या कादंबरीवरून, ज्यात डचांनी जावामध्ये कॉफी पिकवणाऱ्यांची केलेली पिळवणूक चव्हाट्यावर आणली होती. या खुणेचा अर्थ इतकाच, की बाजार कितीही पडला तरी शेतकऱ्याला ठरलेल्या किमान भावाखाली द्यायचं नाही. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची व्यवस्था मोडली आणि भाव कोसळले, तेव्हा त्या किमान भावाचा अर्थ शेतकऱ्यांना चांगलाच कळला असेल.

आपल्याकडे हा वाद त्याच्या अर्धशतक आधी वर्ध्यात झाला होता. खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग, तरी सूत कातणारीच्या हाती फारच थोडं पडायचं. १९३५ मध्ये गांधीजींनी धरलं, की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळाले पाहिजेत. खादी आणखी महागली तर घेणार कोण, असा प्रश्न साहजिकच आला. आठ आणे काही खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाला झेपले नाहीत, पण मजुरीचा किमान दर ठरला, मजुरी वाढली, आणि खादीचा भावही वाढला. 

गेल्या वर्षी मी पुन्हा त्याच घरी गेले. माग चालू होता, पण बसणारे ते एकटेच. मुलगा नाशिकला सातपूरच्या कंपनीत लागला आहे, आठ तासांची ड्युटी, महिन्याला पगार. त्याने माग धरावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

त्यांनी एक मोरपंखी साडी उलगडली. मी पदर उलटला, काठ पाहिला, किती दिवस लागले ते विचारलं. किंमत त्यांनी एकतीस हजार सांगितली. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हटलं, "ठीक आहे, बांधा."

ते साडीची घडी घालायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, पदर पुन्हा उजेडात धरला.

"काय झालं ताई, काही खोट दिसली का?"

मी म्हटलं, नाही हो, सुरेख आहे.

"मग काही बोलला नाहीत ते!" असं म्हणून त्यांनी आपणहोऊन पाचशे रुपये कमी केले, आणि ते घ्यायला मला त्यांना किती वेळ समजवावं लागलं म्हणता!