यंत्र आलं, पुढे काय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा आग्रह, की जर्मनीत वैद्यकीय यंत्रांचं जे प्रदर्शन पाहून आलास त्याबद्दल बोल. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा मी तिथे जे पाहिलं ते दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं, एवढं समजून घ्या.

डुसेलडॉर्फ शहरात दर नोव्हेंबरमध्ये 'मेडिका' भरतं. पाच हजारांहून अधिक कंपन्या येतात. छातीचा एक्स-रे पाहून संशयास्पद जागा दाखवणारी संगणकप्रणाली, मोबाइलला जोडता येणारी सोनोग्राफी, शस्त्रक्रियेला मदत करणारे रोबो, सगळं तिथे आहे. चर्चासत्रांचा विषय एकच, 'उद्याची आरोग्यसेवा'. मी मात्र प्रत्येक स्टॉलवर दोनच प्रश्न विचारत होतो. वीज गेली तर काय होईल? आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावी कोण येईल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे होतं. दुसऱ्याला, "तुमच्या देशातल्या वितरकाशी बोला."

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. २०११ साली १६ देशांतल्या एक लाखाहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद होती. मुख्य कारणं काय, तर प्रशिक्षण नाही, व्यवस्थापन नाही, वीज-पाण्यासारख्या मूलभूत सोयी नाहीत. मी स्वतः एका रुग्णालयात असं यंत्र पाहिलंय, की उद्घाटनाचा हार वाळून गेला तरी वरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. कारण खोलीत नीट अर्थिंगच नव्हतं.

चालू असलेलं यंत्रही सगळ्यांना सारखंच न्याय देतं असं नाही. कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. पण २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही आकडा ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. यंत्र ज्यांच्यासाठी वापरायचं, त्यांच्यावरच ते आधी तपासायला हवं, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्यांच्याजवळ वजनकाटा, तापमापी, मोजकी औषधं असं साधंच साहित्य होतं. पण त्यामागे पक्कं प्रशिक्षण आणि नियमित देखरेख होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मेडिकातल्या कुठल्याही स्टॉलवर मला याहून मोठा आकडा ऐकू आला नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या तुकडीनं गावच्या ग्रामीण रुग्णालयाला यंत्र द्यायचं ठरवलंय. निधी जमतोय, याचा मला अभिमान आहे. पण कोणतं यंत्र, हे आपण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरवू नये. बाईंनी शिकवलेल्या प्रयोगवहीत निरीक्षण आधी यायचं, अनुमान नंतर. तसंच इथेही करू.

माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, आधी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि सिस्टरना विचारूया, की तुम्हाला काय लागतं. दोन, तिथे आधीच बंद पडलेलं काय आहे ते पाहूया. कदाचित एखादी बॅटरी किंवा सुटा भाग बदलून जुनंच यंत्र सुरू होईल. तीन, जमलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवूया, वार्षिक देखभाल करारासाठी आणि चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी. निरीक्षणाचं काम मी करतो. आपल्यातले जे डॉक्टर आहेत, त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर यावं.

यंत्रावर तुकडीचं नाव जरूर लावा. फक्त त्याखाली दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा तो नंबर नावापेक्षा मोठ्या अक्षरात असू द्या.