एकांतवास : प्रार्थना आणि सृष्टी

(इलाइट चौराह्यानजीक भरलेल्या मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही सभासदांच्या भुवया उंचावल्या, हे आमच्या कानावर आले आहे. गणेशोत्सव, कोजागिरी आणि राणीसाहेबांचा स्मृतिदिन यांत रमणाऱ्या मराठी मंडळात ख्रिस्ती साधनेचे काय काम, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस सरळच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातूनच देऊ इच्छितो, म्हणून श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

ख्रिस्ती धर्म झाशीकरांना अपरिचित नाही. झाशीचे धर्मप्रांत १९५४ साली स्थापन झाले, आणि सेंट ज्यूड यांचे येथील तीर्थस्थान देशभर प्रसिद्ध आहे. २८ ऑक्टोबरच्या सुमारास या चौराह्यावर उतरलेल्या यात्रेकरूंना वाट दाखवण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. हताश झालेल्यांचा कैवारी म्हणून या संताची ख्याती असल्याने मेणबत्ती लावणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. परंतु ही झाली यात्रा. वारकऱ्याला पंढरीची वारी जशी हवी, तसाच तुकोबांचा भंडारा डोंगरही हवा. हजारोंच्या मेळ्यात टाळ वाजवणारा भक्त कधीतरी एकटाच डोंगर चढून जातो. ख्रिस्ती परंपरेतल्या या भंडाऱ्याविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे.

त्याला ते लोक ‘रिट्रीट’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ माघार. झाशीच्या मातीत हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते हे खरे. पण ही माघार शत्रूपुढची नसून दैनंदिन धबडग्यातून घेतलेली आहे. आम्ही तिला एकांतवास म्हणू. तिचा आदर्श शुभवर्तमानांतच आहे. येशूने कार्यारंभापूर्वी चाळीस दिवस अरण्यात काढले. पुढेही लोकांची झुंबड वाढली की तो पहाटे निर्जन स्थळी किंवा डोंगरावर प्रार्थनेस जाई. शिष्यांना निश्चिंतपणाचा पाठ देताना त्याने आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवले. अटकेपूर्वीची अखेरची प्रार्थनाही त्याने जैतुनाच्या बागेत केली.

या एकांतवासाला शिस्तबद्ध रूप दिले ते स्पेनच्या इग्नेशियस लॉयोला यांनी. हा मूळचा शिपाईगडी. लढाईत पाय जायबंदी झाल्यावर वृत्ती पालटली. १५२२ साली मानरेसा गावी राहून त्यांनी जी टिपणे केली, त्यांतून सुमारे तीस दिवसांचा साधनाक्रम सिद्ध झाला आणि १५४८ साली तो छापला गेला. मौन, ठराविक वेळी मनन, दिवसाच्या अखेरीस स्वतःच्या वागण्याची झडती आणि सोबत एक अनुभवी मार्गदर्शक, हा त्याचा सांगाडा. आज बहुतेक ठिकाणी तो तीन किंवा आठ दिवसांत आटोपतात. या क्रमाच्या शेवटच्या मननात साधकाने पंचमहाभूते, वनस्पती, प्राणी आणि माणूस या सर्वांत ईश्वर कसा वास करतो व राबतो, हे न्याहाळावयाचे असते. महिनाभर स्वतःच्या पापपुण्याचा हिशेब केल्यावर माणूस सृष्टीकडे वळतो, हा क्रम आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. आधी डोळे धुवावयाचे, मग पाहावयाचे.

आता मराठी मुलुखाकडे येऊ. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. त्याचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते, आणि मराठी भाषेची थोरवी गाताना हा इंग्रज कवी फुलांची व पाखरांची उपमा देतो. परंतु सृष्टी आणि ख्रिस्तभक्ती यांचा खरा संगम पाहावयाचा तर नारायण वामन टिळकांकडेच गेले पाहिजे.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातील करजगावचा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या; पुढे काही वर्षांनी पतिपत्नी एकत्र आली आणि यथावकाश लक्ष्मीबाईंनीही तोच धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या भगिनींना ती कहाणी आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. जातीने टाकलेला हा माणूस ‘फुलामुलांचा कवी’ म्हणून मराठी मनाला प्रिय राहिला, ही गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात गाजलेल्या त्र्यंबक ठोमरे नावाच्या पोरसवदा कवीला पुढे टिळकांच्याच घरी, नगरला, आसरा मिळाला. हेच आपले बालकवी. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात राहणाऱ्या त्या मुलाने धर्मांतर केले नाही; पण फुलाकडे जीव लावून कसे पाहावे, याचा दोघांत काही व्यवहार झाला असावा असे आमचे मत आहे. समीक्षकांनी ते खुशाल खोडून काढावे.

ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या पुलावरून आलो, असे टिळक सांगत. म्हणूनच पगारी धर्मप्रचार त्यांना अखेर सोसवेना. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे मुभा होती. सरकारी सेवेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याला या वयात पगार सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. दरबार फार काळ चालला नाही, कारण १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

बीज मात्र रुजले होते. टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू नगर भागात काम करीत होते. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ स्थापिला आणि पुढे पुण्यास शिवाजीनगरात आश्रम उभारला. इंग्रज आणि हिंदी बंधू तेथे खादी नेसून जमिनीवर पंगतीला बसत. गोंडांमध्ये आयुष्य वेचणारे व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते याच संघाचे सभासद म्हणून. मध्यंतरी आश्रमाला ओहोटी लागली. परंतु १९७२ पासून अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनींनी मिळून त्याला पुन्हा जिवंत केले. शतकानुशतके एका ताटात न जेवलेल्या दोन पंथांच्या स्त्रिया पुण्यातल्या झाडांखाली एकत्र प्रार्थना करू लागल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या उत्तरेकडेही असा आश्रम आहे. भीमतालजवळ सातताल येथे स्टॅन्ली जोन्स या अमेरिकन मेथडिस्टांनी १९३० साली तो सुरू केला. ओकच्या रानात, तलावाकाठी. तेथे पदव्या गळून पडत आणि सारे एकमेकांचे बंधू वा भगिनी होत. आठवड्यातून एक दिवस नोकरांना, भंग्यालासुद्धा, सुटी देऊन त्यांची कामे साधकांनी करावयाची असा शिरस्ता होता. तलाव पाहून कोणाचेही मन प्रसन्न होते. एकांतवासाची कसोटी संडास झाडताना लागते.

याच संदर्भात अँथनी डिमेलो या मुंबईत जन्मलेल्या जेझुइटाचे नाव घ्यावेच लागेल. इग्नेशियसच्या साधनाक्रमाला त्यांनी विपश्यनेची व योगाची जोड दिली. पुण्यात आणि नंतर लोणावळ्यास त्यांची ‘साधना’ संस्था चालली; त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. श्वास पाहा, अंगाला होणारा वस्त्राचा स्पर्श जाणा, कानावर पडणारे सर्व आवाज ऐका, असे साधे पाठ ते देत. १९८७ साली ते वारले. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असे रोमने जाहीर केले. आक्षेपाचा मथितार्थ असा की, अशा शिकवणीत ईश्वर व्यक्ती म्हणून उरत नाही, विश्वात विरून जातो. अद्वैताच्या वातावरणात वाढलेल्या आपल्याला हा वाद परका वाटेल. पण तो पोकळ नाही. झाड देव आहे, की झाड देवाचे आहे? पहिले उत्तर देणारा झाडाला नमस्कार करतो. दुसरे देणाऱ्याला मालकापुढे जाब द्यावा लागतो. आपल्या देशात नमस्कार झालेली वडपिंपळांची झाडे रस्तारुंदीत किती गेली, ते आपण याच शहरात पाहिले आहे. त्यामुळे या बाबतीत दुसऱ्या उत्तराकडे आमचा कल झुकतो.

लोणावळ्याजवळच्या एका साधनागृहात आम्ही स्वतः तीन दिवस राहिलो आहोत. आम्ही ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगितले होते. कोणी हरकत घेतली नाही, की धर्माची गोष्टही काढली नाही. मोबाईल पहिल्या संध्याकाळीच जमा केला. जेवताना बोलणे नाही. पन्नास माणसांच्या पंक्तीत केवळ चमच्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गदर्शक भगिनींनी प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिले आणि त्याच्यासमोर तासभर बसावयास सांगितले. आमच्या वाट्याला उंबर आला. पहिली वीस मिनिटे आम्ही मनातल्या मनात प्रलंबित नस्ती निकालात काढीत होतो. पुढे केव्हातरी खोडावरून जाणारी मुंग्यांची ओळ दिसली, मग फळांना बिलगलेली चिलटे, मग एक पोपट. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही उठलो नाही. त्या तासात आम्हांस ईश्वर भेटला असा दावा आम्ही करणार नाही. तीस वर्षांत आपण कोणत्याही झाडाला, किंबहुना घरातल्या कोणत्याही माणसाला, सलग एक तास दिलेला नाही, एवढे मात्र स्पष्ट झाले. सायंकाळी काही साधक रडत होते. त्याची कारणे कोणी विचारावयाची नसतात.

अशा साधनेवर एक टीका नेहमी होते, की हा सुखवस्तूंचा हवापालट आहे. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण वसईचे उदाहरण पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, बायबलचे मराठी अनुवादक. वसईच्या केळीच्या वाड्या, विहिरी आणि गावठाणे बांधकामदारांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा हेच गृहस्थ ‘हरित वसई’च्या चळवळीचे पुढारी झाले आणि त्यापायी धमक्या सोसत राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; २०२४ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. प्रार्थनेतून उठलेला माणूस पाण्यासाठी रस्त्यावर येतो, तेव्हा हवापालटाचा आरोप टिकत नाही.

जगभरच्या ख्रिस्ती समाजातही हा विचार आता मध्यवर्ती झाला आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसनी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारे स्तोत्र रचले, त्याला २०२५ साली आठशे वर्षे झाली. त्याच स्तोत्रावरून नाव घेऊन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीच्या रक्षणाविषयी परिपत्र काढले. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस पूर्वेकडील चर्चने १९८९ पासून पाळला, कॅथलिकांनी २०१५ पासून. तेव्हापासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ मानतात. आपला भाद्रपद साधारण याच दिवसांत येतो, आणि पत्री आणून पार्थिव गणपती पूजणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

राहता राहिली झाशी. बुंदेलखंडाने दुष्काळ किती पाहिले, हे येथल्या जुन्या मराठी घराण्यांना माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि या चौराह्यावरचे भोंगे रात्रीही थांबत नाहीत. लोणावळा आपल्याला दूर; सातताल त्यामानाने जवळ, तरी दोन गाड्या बदलाव्या लागतात. परंतु ओरछ्याची बेतवा तासाभराच्या अंतरावर आहे. मोठमोठ्या खडकांतून वाहणारे ते पाणी आपण सहलीच्या डब्यांसह आणि ध्वनिवर्धकासह पुष्कळदा पाहिले. एक दिवस त्यांच्यावाचून पाहावे असे आम्ही कार्यकारिणीस सुचवले आहे. कार्तिकात एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता निघावयाचे, सूर्यास्तास परतावयाचे. ज्याने त्याने आपापल्या दैवताचे स्मरण करावे. ज्याला दैवत नाही त्याने पाण्याकडे पाहावे. जेवण पिठले-भाकरीचे, वाढणे आणि भांडी घासणे पाळीपाळीने, त्यात अध्यक्षांनाही सूट नाही. सेंट ज्यूडच्या तीर्थस्थानातील कोणी येऊ इच्छित असल्यास त्यांनाही निमंत्रण धाडावे. बसमध्ये पस्तीस जागा आहेत. नावे कार्यवाहांकडे द्यावीत आणि मोबाईल घरी ठेवून यावे.