मोतीचा मोठा फोटो
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. परंतु आमच्या भिंतीवरचा मोतीचा फोटो पाहून पुष्कळजणींनी 'इतका स्वच्छ कसा आला' असे विचारले, म्हणून चार शब्द सांगते.

चौदा वर्षे घरात वावरलेला मोती गेल्या आषाढात गेला. ह्यांना अन्न गोड लागेना. १२ बाय १८ इंचांचा फोटो करावा असे ठरले. व्हॉट्सॲपवर नातलगांत फिरत आलेले चित्र मी तसेच छापून आणले. घरी गुंडाळी सोडली तो काय, डोळ्यांच्या जागी दोन धुरकट डाग! "हा आपला मोती नव्हे," एवढेच म्हणून हे उठून गेले. पैसे गेले त्याचे काही नाही, ते वाक्य मात्र लागले.

दोष छापणाऱ्याचा नव्हता. फोनमधला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. व्हॉट्सॲपवर एरवी पाठवताना ठिपके कमी होतात. माझ्या चित्राच्या लांब बाजूला अवघे १६०० होते. १८ इंचांवर ताणल्यावर इंचाला नव्वदही पडेनात. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० हवेत, भिंतीवर लांबून पाहायच्याला १५० चालतात. म्हणजे निदान २७०० तरी हवेत. हा आकडा फोनमध्येच फोटोच्या तपशिलात दिसतो.

फोटो काढणारा भाचा नागपूरला. त्याच्या जुन्या फोनात मूळ प्रती सापडल्या, ४००० बाय ३००० च्या. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव म्हटले. तशा पाठवल्या की ठिपके जसेच्या तसे येतात.

पण ठिपके पुष्कळ म्हणून फोटो चांगला, असेही नाही हो! धावत येतानाचा सर्वांत गोड, तर मोठा करून पाहता तोंडच हललेले. एकात नाक स्वच्छ, डोळे पुसट. रात्री फ्लॅशने काढलेल्यात डोळे हिरवे चमकणारे. दोन बोटांनी फोटो मोठा करावा आणि डोळ्यांभोवतीचे केस सुटे सुटे दिसतात का पाहावे. (काळी मांजरे पाळणाऱ्यांनी तर खिडकीशीच फोटो काढावा, अंधारात मनीचे नुसते दोन डोळे उरतात.) शिवाय या मापात कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा कान काठाला नसावेत.

शेवटी निवडला तो साधाच. ओसरीवर दुपारच्या उजेडात बसलेला, एक कान पडलेला.

तो भिंतीवर लागला तेव्हा हे बराच वेळ पुढ्यात उभे होते. मग म्हणाले, "डावा कान अस्साच पाडायचा लबाड." आणि पान वाढायला सांगितले.