दशावतारातील साथसंगत

दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, संवाद मात्र नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. त्यामुळे बांदा, सावंतवाडी परिसरातील जत्रांत रंगणाऱ्या या नाटकांचा तोल मोठ्या प्रमाणात साथीदारांच्या हाती असतो. हार्मोनियम, पखवाज आणि झांज ही साथीची मुख्य वाद्ये. हार्मोनियमवादक नटाची पट्टी ओळखून सूर देतो आणि पदाच्या दोन ओळींमधील जागा भरून काढतो. पखवाजवादकाची नजर पात्राच्या पावलांवर असते: राजाच्या प्रवेशाला भारदस्त ठेका, युद्धनृत्याला चढती लय. झांज ही लय पक्की धरून ठेवते. संवाद सुरू झाला की साथ थांबते. नटाने पद उचलताच वादक पुन्हा समेवर हजर होतात. ही सावध, तयारीची साथ दशावताराचा अर्धा प्राण आहे.