पृथ्वीची निवड

कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह 1942 साली आला, वि. स. खांडेकरांच्या प्रस्तावनेसह. त्यातलं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ आपण प्रेमकविता म्हणून ऐकतो. मला मात्र ती स्थळं नाकारणाऱ्या मानी मुलीची गोष्ट वाटते!

इथे बोलते पृथ्वी, सूर्याशी. तिच्या दारी पहाटे शुक्र येतो, लाजून लाल झालेला मंगळ येतो, केस पिंजारलेला धूमकेतूही येतो. ध्रुव तर निराश होऊन उत्तरेला संन्यासी बनून बसलाय. अढळपदाची केवढी ही थट्टा! हे सगळे पृथ्वीला काजव्यांसारखे वाटतात. तिला हवा तो सूर्यच. मीलनात आपण जळून जाऊ, हे ठाऊक असूनही.

गंमत अशी, की कवीने खगोल फारसा मोडलेला नाही. मंगळ लालच दिसतो, शुक्र पहाटेही दिसतो. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरतेच आहे. त्यामुळे तिचा नकार आणि तिचा हट्ट, दोन्ही आपल्याला रोज आकाशात दिसतात. जवळची जोड नाकारून ती दूरचं तेज निवडते, आणि त्या अंतराचं तिला दुःखही आहे.